साडेतीन विहिरी

माझी थोरली जाऊ गोजाबाई कशाला म्हणून भ्यायची नाही. मारका बैलसुद्धा तिच्या हाकेला थांबायचा. भ्यायची ती एका सुईला. लहानपणी एक कान टोचून झाला आणि ही जी पळाली, ती लग्नातही एकाच कानात फूल घालून उभी राहिली.

चाकणच्या अलीकडं आमची पेरूची बाग होती. छप्पन साल असेल. पेरूवर टाकलेल्या जाळ्यात एक मोठं वटवाघूळ अडकलं. गोजाबाई सोडवायला गेली, तर ते तिच्या बोटाला कडकडून चावलं.

"उपकाराची जाण न्हाई मेल्याला," असं म्हणत तिनं त्याला सोडूनही दिलं आणि बोटाला हळद लावली.

मला मात्र ते साधं वाटेना. माहेरी माझा भाऊ पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. सासरी मी ते कुणाला बोलले नव्हते.

कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकवायचं, अशी आमच्याकडची रीत. पण वाघळाला किती? आमचे चुलत सासरे सोपानराव गावचे जाणते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "तोंड कुत्र्याचं, पंख पाखराचं. म्हंजी साडेतीन."

"मामंजी, अर्ध्या विहिरीत कसं डोकवायचं?" मी विचारलं.

"एका डोळ्यानं."

तीन विहिरी गावातच झाल्या. मग मी खोटं बोलले. म्हटलं, एका डोळ्यापरीस अर्धी खणलेली विहीर बरी, ती खेडच्या दवाखान्याच्या आवारात हाय. खेड म्हणजे आताचं राजगुरुनगर. दुसऱ्या दिवशी दोघी यष्टीत बसलो.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "वाघूळ चावलेला रोगी पहिलाच. परदेशात वाघळांकडून रेबीज होतो, असं वाचलंय. आपल्याकडचं मला ठाऊक नाही. जोखीम नको. पोटात चौदा सुया."

गोजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "विहीर कुठाय?"

"न्हाई विहीर."

"खोटारडे." ती उठून दारापर्यंत गेली.

"माझ्या भावानं साती बघितल्या व्हत्या," मी म्हटलं. "महिन्यानं गेला."

ती दारात थांबली. मग मागं येऊन बाकावर आडवी झाली. "हात धर माझा. सोडलास तर बघ."

चौदा दिवस गेलो. कंडक्टर तिकिटाआधी "आज कितवी?" विचारायचा. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याही मनगटाला मलम दिलं.

आता नात सांगते, हा रोग मुळात वाघळांतलाच असावा आणि हजारो वर्षांत रूप पालटत कुत्र्या-कोल्ह्यांत उतरला असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे मामंजींचा हिशेब उलटाच झाला. थोरलेपणाच्या मानानं वाघळाला चांगल्या दहा-बारा विहिरी लागल्या असत्या.

गोजाबाई ब्याऐंशी वर्षं जगली. गावात कुणाला कुत्रं चावलं की ती आपणहून त्याला खेडला घेऊन जायची. सुई टोचताना त्याचा हात घट्ट धरायची. तोंड मात्र भिंतीकडं.