शेतकीच्या वर्गातला महिपत

मिरजोळ्याच्या रावजी कुणब्याने महिपतला रत्नागिरीच्या हायस्कुलात घातला, तो पोराच्या हातचा नांगर सुटावा म्हणून. चार इयत्ता इंग्रजी झाली की मामाकडे मुंबईला जायचं, गोदीत कारकून व्हायचं, असं महिपतनेही मनाशी धरलं होतं. पण त्याच वर्षी शाळेत शेतकीचा वर्ग निघाला आणि कुणब्याचा मुलगा म्हणून त्याला न विचारताच त्यात बसवलं. बाकीचे संस्कृत घोकत, तेव्हा हा शाळेच्या गोठ्यात शेण काढी.

शेतकीचे दामले मास्तर भला माणूस, जाणकारही. एकदा शाळेची म्हैस विताना अडली. रेडकाचा पाय आत मुडपला होता आणि मास्तरांचा जाड हात आत जाईना.

"तुझा हात बारीक आहे. तेल लाव आणि मी सांगतो तसं कर," ते म्हणाले.

महिपतने चाचपत गुडघा शोधला, खूर मुठीत झाकून हळूच वळवला. पुढच्या कळेला रेडकू बाहेर आलं. त्या दिवशी तो कोपरापर्यंत माखलेला हात घेऊन हसत उभा होता. तिथेच तो अडकला.

शाळा संपताच मास्तरांनी हौसेने शब्द टाकून त्याला शाळेच्याच मळ्याचा मदतनीस नेमवलं. मुंबईचा विषय काढला तर बाप म्हणाला, "घराजवल नोकरी गावली, नि तुला मुंबई सुचता?" महिपत दुसऱ्या दिवशी मळ्यावर रुजू झाला. पुढे लग्न झालं, मुलं झाली. बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला की धार काढताना त्याचा हात थांबे. वर्गातले सगळे केव्हाच त्या बोटीने मुंबईला गेले होते.

पुढे शिवा नावाचा मुलगा वर्गात आला. हाताला मोठा गुण होता त्याच्या. मास्तरांना दुसरा मदतनीस हवा होता, म्हणून त्यांनी शिवाबद्दल महिपतला विचारलं. महिपत म्हणाला, "हात जड आहे त्याचा. जनावर बुजतं."

पोराला या गोठ्यातून सोडवलं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी शिवा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "दादा, मना हितंच रव्हायचा होता," एवढंच तो म्हणाला.

महिपतला मान वर करवेना. मास्तरांकडे जाऊन खरं सांगावं, असं दोनदा मनात आलं, पण पाय उचलला नाही. शिमगा झाल्यावर तो मुंबईला निघालेल्या शिवाला पोचवायला बंदरावर गेला. पोरगा मागे न बघता पडावात चढला. पडाव आगबोटीला लागेपर्यंत महिपत उभा राहिला. मग धारांची वेळ झाली म्हणून मळ्याकडे वळला.