पुरेशी निरीक्षणं

साळवे सरांना ‘नक्की’ या शब्दाचं वावडं होतं. ‘सर, उद्या तास आहे ना?’ असं विचारलं तर म्हणायचे, ‘मी जिवंत असलो आणि एसटी आली, या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तर आहे.’ विद्यापीठात ते आम्हाला संभाव्यता आणि यादृच्छिक प्रक्रिया शिकवत. वर्गात आम्ही अकरा जण. त्यातल्या आठ जणांना दुसऱ्या कुठल्या विषयाला प्रवेश मिळाला नव्हता. सर त्यालाही यादृच्छिक प्रक्रियाच म्हणत.

शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी असे. ‘मार्कोव्ह साखळीत उद्याचं फक्त आजवरून ठरतं, मागचं काही लक्षात घेत नाहीत,’ असं सांगून ते थांबत आणि खडू झटकत म्हणत, ‘निवडणुकीला ती चांगली लागू पडते.’ शनिवारी गावाकडे निघालं, की मांजरसुंब्याला एसटी बदलताना मात्र भाषाही बदले. ‘काय रं, चहा घेतो का? का चेअरमनच्या पोराला ढाब्यावरचा चालत न्हाई?’

आमचं गाव एकच, चौसाळ्याच्या पलीकडचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे चेअरमन, सर भीमनगरचे. त्यांची आई तिथेच राहायची. शहरात सरांच्या घरी तिचा जीव रमत नसे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सहकारी साखर कारखान्याचं गाळप बंद, म्हणून कारखान्याने आपला टँकर सोसायटीला देऊ केला. वस्त्या पाच, टँकर एक. दर सोमवारी, मी शहराला परतायच्या आधी, चिठ्ठी निघे. जिची चिठ्ठी, तिथे टँकर आधी. बाकीच्यांना रस्त्याच्या क्रमाने. भीमनगर रस्त्याच्या शेवटी. तिथे पोचेपर्यंत टँकरमध्ये गाळच उरे, त्यामुळे चिठ्ठी निघाली तरच भीमनगरला धड पाणी मिळणार होतं.

त्या सत्रात सरांनी प्रात्यक्षिक दिलं: एखादी यादृच्छिक प्रक्रिया निवडा आणि आठ आठवडे नोंदी ठेवा. बाकीच्यांनी एसटी मोजल्या. मी चिठ्ठी निवडली, कारण ती घरबसल्या पाहता येत होती. सर हसले नाहीत. ‘चिठ्ठीला मागची चिठ्ठी आठवत नसते,’ एवढंच म्हणाले.

आठही सोमवारी चिठ्ठी आमच्या वस्तीची, म्हणजे मळ्याची निघाली. ‘देवाची मर्जी,’ असं म्हणत सोसायटीचे सेक्रेटरी दर वेळी डब्यात हात घालून ती काढत आणि उघडून दाखवत. पाचव्या सोमवारी माझ्या लक्षात आलं, की डब्यात चार चिठ्ठ्यांच्या सुरळ्या असतात आणि आमच्या चिठ्ठीची तेवढी चौकोनी घडी. जेवताना मी अण्णांना विचारलं.

‘कावून?’ अण्णा ताटावरून मान न उचलता म्हणाले. ‘तुज्या आईला घागर घेऊन भीमनगरात हुबं करू का?’

मी पुढचा घास घेतला.

वहीत गणित चोख मांडलं. चिठ्ठी खरी असेल तर हे घडण्याची शक्यता जवळजवळ चार लाखांत एक. निष्कर्षापाशी मात्र बराच वेळ घुटमळलो आणि लिहिलं, ‘निरीक्षणे पुरेशी नसल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही.’ वाक्य इतकं शास्त्रशुद्ध उतरलं होतं, की ते वाचून मला लाज आणि अभिमान दोन्ही एकदम वाटले.

तोंडी परीक्षेला सरांनी वही शेवटपर्यंत वाचली. विद्यापीठाच्या इमारतीत ते माझ्याशी पहिल्यांदाच गावच्या भाषेत बोलले.

‘गणित लई चांगलं हाय. निष्कर्षबी शास्त्राला धरून हाय. आठ सोमवार कमीच पडले म्हणायचे. मग आनखी किती लागतील, तेवढा आकडा सांग. शनिवारी गेलो, की मायला सांगतो. ती इचारती.’

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि खरोखरच आकडा लिहून घ्यायला थांबले. मग त्यांनी वीसपैकी वीस गुण दिले. आयुष्यात मिळालेल्या दुसऱ्या कुठल्याही गुणांची मला एवढी लाज वाटलेली नाही.

पाऊस यायला आणखी सात सोमवार लागले. सातही वेळा चिठ्ठी आमचीच निघाली. सर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी याच विषयाचा प्राध्यापक झालो तेव्हा मुद्दाम येऊन पाठ थोपटून गेले. भेटले, की अण्णांच्या तब्येतीचीही चौकशी करत. तो आकडा मात्र त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.