मेंग सुन-ओकची कात्री

मेंग सुन-ओककडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते उपासनेत, आणि तेही ती माझ्या मानेकडे बघत होती म्हणून. पाळकांचं प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरून हळू आवाज आला, "बाई, डावी बाजू बोटभर लांब राहिलीय. कुणी कापले?"

कोरियातल्या आमच्या गुनसान शहरात, मासळी बाजारामागे तिचं केस कापण्याचं दुकान होतं. उपासनेला ती कायम शेवटच्या बाकावर बसे. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, पण मागून नुसते केस बघून ती माणूस ओळखे.

दर उन्हाळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचा एक संघ दहा दिवस मंगोलियाला जातो. मुलांना गाणी नि हस्तकला शिकवायची, म्हाताऱ्यांना औषधं द्यायची आणि येईल त्याचे केस फुकट कापायचे. सहा वर्षं या संघाची नेता सुन-ओक होती. नेता म्हणजे पुढे उभं राहून प्रार्थना म्हणणारा, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तीन महिने आधीपासून तिला फोन सुरू होत. तिकडे मटणाला वास येतो म्हणे, मग आम्ही काय खायचं? संघाच्या जाकिटाचा पिवळा रंग वयस्कर दिसतो, बदलता येईल का? एका वर्षी कुणीतरी औषधांच्या पेटीत लपवून ठेवलेला किमचीच्या लालभडक लोणच्याचा डबा विमानात फुटला आणि खोकल्याच्या गोळ्या सात गावांत लाल होऊन वाटल्या गेल्या. सुन-ओक ओरडत नसे. मोठा सुस्कारा सोडून ती पेटी पुन्हा भरायला घेई.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, २०१४ साली, मीही संघात गेले. दर शनिवारी मंडळीच्या तळघरात सराव चाले आणि प्रत्येक शनिवारी ती तेच दोन नियम सांगे. केस कापायला शिकलेल्या चौघांशिवाय कात्रीला कुणी हात लावायचा नाही. आणि लांब केसांचं लहान मूल समोर बसलं तर आधी घरच्यांना विचारायचं, कारण तिकडे मुलग्याचं जावळ तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी काढतात, सगळे नातेवाईक जमवून, आणि पहिली बट कुणी कापायची हे जन्मसालं जुळवून, लामाला विचारून ठरतं. मंडळीच्या कारभारातले ज्येष्ठ, ज्यांना सगळे वडील म्हणत, ते बियन दोक-सू हे ऐकताना आपल्या जाकिटाचं बटण घट्ट करत असत.

मंगोलियातल्या अर्वाइखेर शहराच्या पुढच्या एका गावात, बुधवारी, शाळेच्या अंगणात स्टुलं मांडली होती. आमची दुभाषी दुलमा आत म्हाताऱ्यांच्या रांगेत होती आणि सुन-ओक पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात पाठीवर वेणी असलेलं एक मूल आपणहून रिकाम्या स्टुलावर चढून बसलं. बियन वडिलांना मंडळीच्या फलकासाठी फोटो हवा होता. त्यांनी सुन-ओकची कात्री उचलली, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि वेणीचं टोक कापलं.

अंगणाच्या कडेला बसलेली म्हातारी उभी राहिली. ती खोर्लो आजी, आणि ते मूल तिचा नातू न्यामका. पाचवं वर्ष लागलेलं, रविवारी जावळ. चारशे किलोमीटरवरून पाहुणे निघालेले.

सुन-ओक बादली घेऊन आली. काय झालं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती खाली बसली. जमिनीवर सकाळपासूनच्या तीसेक डोक्यांचे केस पडले होते. त्यातून तिने न्यामकाची बट शोधून काढली, अगदी तीच, रुमालात ठेवली आणि दोन्ही हातांनी आजीपुढे धरली. आजीने ती घेतली नाही. तिने दुलमाला बोलावून एकच प्रश्न विचारला: या माणसाचं जन्मसाल कुठल्या प्राण्याचं?

बारा सालांचे ते बारा प्राणी आमच्याकडेही आहेत. पण वडील ताठ झाले. ही अंधश्रद्धा आहे, म्हणाले, आपण या गोष्टीला उत्तर देत नसतो, आपण प्रार्थना करू.

"वडील," सुन-ओक म्हणाली, "तुमच्या साठीच्या जेवणात तुम्हीच टेबलाटेबलावर जाऊन सांगत होतात, मी बैलाच्या सालचा, म्हणून एवढा कष्टाळू. तेव्हा श्रद्धा कुठे गेली होती?"

दुलमाने आजीला बैल सांगितला. मुलगा वाघाच्या सालचा. आजीने मान हलवली, हे जुळत नव्हतं. मग तिने विचारलं, कात्री कुणाची? सुन-ओकने स्वतःकडे बोट दाखवलं. आणि तुझं साल? कुत्र्याचं. आजीने बोटांवर मोजलं आणि दुलमाकडे वळून बोलली.

"वाघाला कुत्रा चालतो," दुलमाने भाषांतर केलं. "आजी म्हणतात, कात्री तुझीच होती, तर हातही तुझाच लागू दे. रविवारी पहिली बट तू काप, म्हणजे आजचं मोजायचं नाही."

आमचं विमान शुक्रवारी होतं.

बियन वडील तिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. संघ टाकून नेता मागे राहत नाही. शिवाय लामाने ठरवलेल्या विधीत आपली सेविका बसली हे पाळकांना कळलं, तर पुढच्या वर्षी तिला कुणी नेता करणार नाही. हे खरं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

"पोराच्या जावळाला आधी कात्री लावली ती मी नव्हे, वडील," ती म्हणाली. मग गळ्यातली सगळ्यांच्या पासपोर्टांची पिशवी काढून तिने माझ्या गळ्यात घातली. "बाई, तुम्ही पस्तीस वर्षं सहली नेल्यात. यांनाही नेऊन सोडा. वडिलांना खिडकीजवळ बसवू नका, मग ते सारखे उठतात."

मी नेलं. विमानतळावर तीनदा डोकी मोजली. बियन वडील तिन्ही वेळा जागेवर नव्हते.

सुन-ओक पाच दिवसांनी आली. रविवारचं तिने एवढंच सांगितलं की कात्रीला निळं रेशमी वस्त्र बांधलं होतं, त्यामुळे पकड नीट बसत नव्हती, आणि पोरगं एका जागी बसत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या संघाला नवा नेता मिळाला. वडिलांचा कात्री घेतलेला फोटो मात्र फलकावर वर्षभर राहिला.

आता सुन-ओक सदुसष्ट वर्षांची आहे. मंडळीच्या संघात ती नसते. दर जुलैत दुकान बंद ठेवून ती एकटीच खोर्लो आजीकडे जाते, आणि न्यामकाचे केस तिच्याशिवाय कुणी कापलेले नाहीत. यंदा त्याने फोनवर कळवलं आहे की तो केस वाढवतो आहे. सध्या ती त्यावर चिडलेली आहे.