बिटाची कोशिंबीर आणि पांढऱ्या पेशी

पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मी सगळा दोष बिटाला दिला. आदल्या दिवशी बायकोने कोशिंबीर केली होती आणि मी दोन वाट्या चापल्या होत्या. संडासातून बाहेर येऊन रुबाबात फर्मावलं, "उद्यापासून बीट बंद. मला सोसत नाही."

बीट बंद झालं. लाल काही बंद झालं नाही.

उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर. तागा उलगडता उलगडता कापडातला डाग हेरणारा माणूस. स्वतःचा डाग मात्र सात महिने स्वतःशीच मूळव्याध म्हणून खपवला. घराण्यात बारशापासून बाराव्यापर्यंत किस्से सांगायचं काम माझं. पण हा किस्सा कुठल्या तोंडाने सांगणार? बदलापूरला, कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही चालू, फोडणीचा ठसका, लेक फोनवर खिदळतेय; आणि मी कडी लावून, नळ सोडून, खाली वाकून बघतोय. दार वाजलं की "आलोच" म्हणायचं आणि पुन्हा एकदा फ्लश ओढायचा. सगळं घर दाराला टेकलेलं असताना माणूस इतका एकटा पडू शकतो, हे मला तिथे कळलं.

शेवटी कारखान्यात चक्कर येऊन कापडाच्या थप्पीवर कोसळलो, तेव्हा बिंग फुटलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट समजून घ्यायला आम्ही दोघं अंबरनाथला डॉक्टरांकडे गेलो. पसरलाय का, एवढंच दोघांना विचारायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "लांब कुठे पसरलेला दिसत नाही. गाठीच्या कडेला पांढऱ्या पेशींनी गर्दी केलीय. म्हणजे तुमचं शरीर त्याला ओळखून झुंजत होतं. चांगली खूण आहे. पण केमो घ्यावीच लागेल."

"कधीपासून झुंजत होतं?" बायकोने विचारलं.

"नेमकं नाही सांगता येणार. पण ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून."

परतीच्या रिक्षात ती बाहेर बघत बसली. बदलापूर आलं तरी नजर बाहेरच. मला शांतता सोसत नाही, म्हणून म्हटलं, "बघ, काय फौज आहे माझी! न सांगता कामाला लागली."

तिने पदराने चष्मा पुसला.

"फौजेला कळलं होतं हो," ती म्हणाली. "मला मात्र बीट बंद करायला सांगितलंत."