बापूभाऊंना किती लांबचं दिसतं?

आमच्या तिघांच्या खेळाचे किस्से इतके साचलेत की परवा एक सांगायला बसलो, तर ऐकणारा म्हणाला, "तुम्ही खेळता कधी? ऐकावं तेव्हा भांडणच!" खोटं नाही. शनिवार-रविवार आम्ही पर्यटकांचे, मंगळवारची दुपार मात्र अंतराळाची. किल्ल्याखालच्या तिकोणा पेठ गावात बापूभाऊंचे भाड्याने द्यायचे तंबू आहेत. तिथल्या शेडमध्ये तीन लॅपटॉप उघडायचे. बापूभाऊ एकटे एका बाजूला. मी कुसगावचा आणि माझा शाळेपासूनचा दोस्त निल्या, भाजे गावचा, आम्ही दोघे दुसऱ्या बाजूला. ग्रह जिंकायचे, जहाजं लढवायची. गोम एकच: शत्रूच्या सेन्सरला किती लांबचं दिसतं, हे गेम सांगत नाही. अंदाज आपणच बांधायचा. आणि अंदाज आला की संशय आलाच!

*

अंदाजाची पहिली शक्कल निल्याची. एक फालतू जहाज हळूहळू बापूभाऊंकडे सोडायचं. त्यांची जहाजं वळली की समजायचं, इथपर्यंत त्यांना दिसतं. आमचं जहाज पार त्यांच्या दारात गेलं, तरी कुणी हललं नाही!

"आंधळे आहेत," मी म्हणालो. आम्ही सगळं आरमार आत घातलं आणि बघता बघता त्याची राख झाली.

"भाऊ, मघाचं जहाज दिसलं नव्हतं?"

"दिसलं की! दिसलं म्हंजी लगीच वरडायचं आसतं व्हय?"

*

तेव्हापासून मी माझं रडार कायम चालू ठेवू लागलो. रडार म्हणजे अंधाऱ्या वाटेवरची बॅटरी. आपल्याला चार पावलं दिसतं, पण आपण साऱ्या गावाला दिसतो. निल्या कानीकपाळी ओरडायचा, "बंद कर त्ये रडार!"

मी मनात म्हणायचो, मला आंधळं ठेवण्यात याला एवढा रस का?

*

मी कुठेही लपलो तरी बापूभाऊ नेमके तिथेच हजर. माझी जागा फक्त निल्याला ठाऊक असायची. म्हणून सापळा लावला. त्याच्या कानात सांगितलं, "लाल ग्रहामागे आहे." खरं तर होतो वायूच्या ढगात, रडार लावून. बापूभाऊ सरळ ढगात!

दुसऱ्या कुणाचा संशय फिटला असता. मी ठरवलं, निल्याने माझं खोटं ओळखलं आणि खरी जागा कळवली. बनेल माणूस!

*

एकदा दुपारी निल्याचा फोन बिझी. बापूभाऊंना लावला, तोही बिझी. दोघांचे एकदमच! मी गाडी काढून थेट भाज्यात, निल्याच्या पिठलं-भाकरीच्या टपरीवर.

"भाऊंशी काय बोलत होतास?"

"तंबूवर भाकऱ्या किती लागत्यात, त्ये."

"ही तुमची सांकेतिक भाषा काय?"

पिठल्याचा पळा त्याच्या हातात तसाच राहिला. "मी तुला इकला, आसं वाटतं तुला?"

मी 'नाही' म्हणालो नाही. त्याने वाढलेलं ताट तसंच सोडून निघालो. घाटाखाली येईपर्यंत लय वाईट वाटलं, पण संशय काही हटला नाही.

*

पुढच्या मंगळवारी माझा शेवटचा ग्रह उरला होता. तो गेला की मी खेळाबाहेर. बापूभाऊंचं आरमार निघालं होतं. निल्या आठवडाभर बोलला नव्हता. माझ्याकडे न बघताच, भाऊंना ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "आज येक डाव माजं आयक. रडार बंद कर."

तसंही सगळं जाणारच होतं. बंद केलं. स्क्रीन काळी ठिक्कर! विकलं याने मला, असं मनात म्हणत बसून राहिलो. कुणीच येईना.

एवढ्यात बापूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "घावला! बसलाय गडी रडार लावून, कायमचंच हाय ह्येचं!"

धडाधड स्फोट सुरू झाले. माझ्या लॅपटॉपवर मात्र शांतता.

"आरं, ह्यो तर निल्या!" बापूभाऊ ओरडले. "तू कवापासनं रडार लावाय लागलास?"

निल्याने आपला लॅपटॉप मिटला, पिशवीतून डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"खा. त्या दिशी तसाच गेलतास."