सर्व्हरकाकूंचा रविवार

सर्व्हरकाकूंच्या खोलीत हेडफोन दारातच काढून घेतले जात. पोरं कुरकुरायची. काकूंचं उत्तर ठरलेलं: "ज्याले मारलं त्याची बोंब ऐकू आली पाहिजे. नाहीतर घरीच खेळ ना गा फोनवर!" शिवी द्यायलाही मनाई नव्हती. फक्त खुर्ची वळवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायची. या अटीपायी नागपूरच्या पोरांच्याही निम्म्या शिव्या घशातच राहतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. घरोघरी फोन आले आणि क्लास ओस पडला. उरली वस्तीतल्या मंडळाच्या इमारतीतली वरची खोली आणि बारा जुनी मशिनं. दुसऱ्या कुणी ती भंगारात घातली असती. काकूंनी ती केबलनं एकमेकांना जोडली आणि दर रविवारी दुपारी वस्तीतल्या पोरापोरींना खेळायला बोलावलं. इंटरनेट नाही, काही नाही. एका खोलीतली बारा माणसं एकाच खेळात. तो खेळ ज्या मशीनवरून चाले ते मशीन, म्हणजे सर्व्हर, त्यांच्या टेबलावर होतं, म्हणून त्या सर्व्हरकाकू.

मी तिथे खेळायला गेले नव्हते, बंद पाडायला गेले होते. आमच्या युवक संघटनेची पत्रकं मी लिहायचे. 'गेमच्या नशेत बुडालेली पिढी' हे माझंच. हाताला काम नाही आणि तरुण खोट्या बंदुका चालवत बसलेत, याचा मला संताप होता. काम नसल्याचा आजही आहे. काकूंनी पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. आमचं पत्रक शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाल्या, "लिहिलं जोरदार. पण तू खेळली काय वं कधी? नाही? मंग काहून लिहून राहिली? बस तिथं."

दहा मिनिटांत मी सात वेळा मेले. मारणारी सायली, शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. दर वेळी खुर्ची वळवून अदबीनं सांगायची, "ताई, मेल्या तुम्ही." पुढच्या रविवारी मी बदला घ्यायला गेले. तो अजून घेतेच आहे.

मे महिन्यात कूलर आणि बारा मशिनं एकत्र चालत नसत, फ्यूज उडे. काकू दर अर्ध्या तासानं हात वर करून मत घेत: कूलर की खेळ? प्रत्येक वेळी खेळच निवडून येई. माउस घामानं निसटायचे आणि काकू पदरानं वारा घेत म्हणायच्या, "लोकशाही हाय. भोगा."

मग मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र आलं. पोरं-पोरी एका खोलीत बसतात, लोक बोलतात. मुलींचं येणं बंद करा, नाहीतर खोली रिकामी करा. बारापैकी पाच खुर्च्यांवर मुली बसत. लोक! कोण लोक? नाव सांगा! त्याच दुपारी मी असं पत्रक लिहिलं, की वाचणाऱ्याचे कान तापावेत. काकूंनी ते वाचलं, घडी केली आणि खणात ठेवून दिलं. "हे वाटलं तर अध्यक्ष चिडतील. चिडलेला माणूस जिना चढत नाही. मले ते वर पाहिजेत."

"ही माघार आहे, काकू," मी तोंडावर म्हणाले.

"माघार कशाची वं? पोरी उठल्या तर मशिनीही उठतील, हे त्याईले सांगूनच आली मी."

रविवारी अध्यक्ष आले, दोन सदस्य आले, मुलींच्या आयाही आल्या. आणि घोळ घातला मी. सगळ्या केबली जिथे येतात त्या स्विचच्या डब्याजवळ एक टोक लोंबत होतं. पाहुण्यांसमोर नीट दिसावं म्हणून मी ते रिकाम्या खाचेत खोचलं. त्या केबलचं दुसरं टोकही त्याच डब्यात होतं. झालं! डब्यातून निघालेलं पुन्हा डब्यातच, गोल गोल. बाराही पडदे गोठले. अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. पोरं आपापली मशिनं बंद-चालू करत बसली. काकू जागच्या हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कोण पाहते?"

सायली टेबलाखाली शिरली. "काकू, सगळे दिवे एकदमच लुकलुक करून राहिले. कोणंतरी दोन्ही टोकं इथंच लावली."

गप्प बसता आलं असतं. मी हात वर केला. खोली खदखदून हसली. सायलीनं टोक उपसलं आणि खेळ सुरू झाला.

अध्यक्ष वाकून तिला म्हणाले, "हे तुले कोणं शिकवलं?"

"इथंच शिकली."

तोवर कोपऱ्यात बसलेली तिची आई उठून उभी राहिली. "माझी पोरगी हाय. आता उठवून दाखवा तिले."

कुणी उठवलं नाही. "पत्राचं पाहू," म्हणत अध्यक्ष जिना उतरले आणि विषय संपला. लेखी काही दिलं नाही, हे मी विसरलेली नाही.

गेल्या वर्षी काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून त्या सासरच्या गावी, पारशिवनीला, राहायला गेल्या. चार मशिनं सोबत नेली. तिकडेही रविवार सुरू केला. जाताना सर्व्हरची जागा सायलीला दिली. मला म्हणाल्या, "तू दाराजवळच्या मशीनवर बस. भांडता येते तुले. आता बोलावताही आलं पाहिजे."

परवाच्या रविवारी दारात अध्यक्ष. सोबत त्यांची नात. उरलेल्या आठही खुर्च्या भरलेल्या. त्या पत्राचा शब्दन् शब्द माझ्या जिभेवर होता. खोटं कशाला सांगू, बोललेच: "मुली बंद करायच्या होत्या ना तुम्हाला?" म्हातारा परत जायला वळला. नात मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं काय केलं होतं? मी उठले आणि माझी खुर्ची तिला दिली. दोन तास भिंतीला टेकून उभी होते.

संध्याकाळी काकूंना फोन करून सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"जिंकली का नात?" त्यांनी विचारलं.

"कुठली! सायलीनं धुऊन काढली."

"मंग पुढच्या रविवारी पोरगी येतेच," काकू म्हणाल्या. "खुर्ची अजून एक पाहून ठेव."