बापूंची जुनी, केतकीची नवी

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, उरलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट निदान भंगारात तरी जातात! अंबडच्या माझ्या गॅरेजातले हे गेल्या महिन्यातले किस्से. मी अजून सावरलेलो नाही.

बापू ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे जुनी अमेरिकन मसल कार, आठ सिलिंडरची, स्टेअरिंग दगडासारखं जड. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ती चालवायला बंदी घातली. मुलगी केतकी त्यांच्यासाठी हलकी टू-सीटर स्पोर्ट्स कार घेऊन आली.

"बाबा, दोन्हींची टेस्ट घेऊ. माझी सरस ठरली तर तुमची विकायची."

"लाव पैज!" बापू म्हणाले.

*

आधी नवीची पूजा. बापू नारळ जमिनीवर फोडत नाहीत. दर दसऱ्याला जुनीच्या पोलादी बंपरवर फोडतात. सवयीने हात तसाच गेला. खाड्!

आम्ही सगळे गार. नारळ अख्खा, नवीच्या प्लॅस्टिकच्या बंपरला भगदाड!

केतकीने बंपरचा तुकडा उचलला. मग म्हणाली, "बाबा, आता प्रसाद म्हणून बंपर वाटू का?"

*

टेस्टला मखमलाबादकडचा प्लॉटिंगचा रिकामा रस्ता धरला. जुनी मी चालवत होतो, बापू शेजारी. पाय दाबला आणि बाप रे, पाठ सीटला चिकटली! केतकी कुठल्या कुठे मागे राहिली.

"बघितलंस?" बापू ओरडले.

बघितलं. मग ब्रेकही बघितला! रस्ता संपला, गाडी थांबेना. थेट झेंडूच्या वावरात.

शेतकरी कमरेवर हात ठेवून उभा. "बापू, दसऱ्याला अजून लय टाइम हाय. एवढी काय घाई?"

*

मग बापू नवीत बसले. बसले कसले, विहिरीत उतरावं तसे उतरले. पण वळणावर गाडी एका हाताने फिरली आणि थांबण्यासाठी आम्ही आखलेल्या चुन्याच्या रेषेवर गपकन थांबली. त्यांना बाहेर ओढायला आम्ही दोघं लागलो.

वाटलं, आता शिव्या घालतील. बापू हळूच म्हणाले, "हरलो रे. खांदा जरासुद्धा दुखला नाही."

दुसऱ्याच्या गाडीला कधी बरी न म्हणणारा माणूस!

*

जुनीला पहिलं गिऱ्हाईक आलं. बॉनेट न उघडताच विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"देत नाही, नुसती पिते!" बापूंनी त्याला गेटपर्यंत पोहोचवलं.

*

दुसरा मनमाडचा, खरा शौकीन. बापूंच्या अंगणात सौदा ठरला. बापूंनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. पैज जिंकलेली केतकीच रडकुंडीला आलेली.

तेवढ्यात बापूंच्या बायको, माई, कणकेच्या हातानेच बाहेर आल्या. त्या गाडीबद्दल चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून बरा-वाईट एक शब्द आम्ही ऐकला नव्हता. सरळ गेल्या आणि त्या माणसाच्या हातातून किल्ली काढून घेतली.

आम्ही थक्क. बापू तर पुतळाच झाले.

"ही नाक्यावर आली की मला घरात ऐकू येतं," माई म्हणाल्या. "मग मी तवा ठेवते. त्या नवीचा आवाजच येत नाही. हे घरी येताहेत, ते मला कळायचं कसं?"

किल्ली पदराला बांधून त्या आत गेल्या.